सोनाईची मयतीची घोंगडी

"सरक बे तिकडं, वास येतो तुझा," असं म्हणून चपराशानं मला काठीनं ढोसलं.

बीडच्या अजायबखान्यात मी दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून उभा होतो. पुढं सतरंजीवर वकील, मास्तर, जमीनदार बसलेले. हैदराबादहून आलेला चित्रकार बोलत होता. निजामाच्या मुलखातल्या जुन्या कारागिरीवर तिथं भाषणं चालली होती. एक दिवस चित्रकार, एक दिवस पंडित. सगळ्यांना यायची मुभा हाय, अशी दवंडी पिटली होती. त्या सगळ्यांत मी न्हाई, हे दवंडीवाल्यानं सांगितलं नव्हतं.

वास मेंढरांचा. धनगराला दुसरा कशाचा येणार? पण चित्रकाराच्या मागं भिंतीवर काळी घोंगडी टांगली होती, तिला बी तोच वास होता. तिच्याजवळ जाऊन लोक वाहवा करत होते.

ती घोंगडी माझ्या बायकोची. सोनाईची.

आमच्यात नवरी येते तवा माहेराहून एक मेंढी तिच्यासंगं येते. त्या मेंढीची अन् तिच्या पिलांची लोकर बाई येगळी ठेवते. वर्सानुवर्सं थोडी थोडी कातते. त्या सुताची घोंगडी होते. ती कुणी पांघरायची न्हाई, विकायची न्हाई. बाई मेली की तिच्यात गुंडाळून माती देतात. सूत सोनाईचं, माग माझा. काठाला पांढरी रेघ घाला म्हणून ती मागं लागली. मी म्हणलं, "मातीत जायचं त्याला नक्षी कशाला?" तर म्हणली, "जायचं मला हाय, तुमाला काय करायचंय?" घातली रेघ.

मी मेंढरं घेऊन गोदावरीकाठी गंगथडीला गेलतो, तवा पाटलाची माणसं आमच्या गावात, नांदूरघाटला, घरोघर फिरली. अजायबखान्यासाठी चांगल्या वस्तू हेरत होती. बाकीच्या घोंगड्या विटलेल्या, ही कोरी. कोरी कावून हाय, हे कुणी इचारलं न्हाई. सोनाई सांगायला गेली, तर पाटलाचा माणूस म्हणला, "भाषणं झाली की परत देऊ, म्हातारे. अजायबखान्याच्या साहेबाच्या भिंतीवर लागणार हाय. नशीब समज." घेऊन गेले.

मग सोनाई पडली. ताप उतरंना. एका सकाळी म्हणली, "माझी घोंगडी आणा. मी काय आता ऱ्हात न्हाई." तसाच निघालो. म्हणून मी तिथं उभा होतो. भाषण ऐकायची हौस नव्हती मला.

चित्रकार म्हणत होता, "हा काठ पाहा. कुणा अनाम हातांची ही करामत. असे हात आता उरले नाहीत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "हायेत, सरकार. नांदूरघाटला हायेत. तापानं फणफणलेत."

सगळ्या माना वळल्या. मी हात जोडले. म्हणलं, "घोंगडी माझ्या बायकोच्या मयतीची हाय. परत द्या. ती वाट बघती."

एक वकील म्हणला, "म्हणजे अजून मेली नाही ना? मग घाई कसली?"

लोक खदाखदा हसले. चित्रकार हसला न्हाई. तो काय वाईट माणूस नव्हता. मवाळ आवाजात म्हणला, "बाबा, मातीत ही कुजून जाईल. इथं पिढ्यान् पिढ्या राहील. तुझ्या बायकोचं भाग्यच म्हणायचं."

टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच चपराशानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

पायरीवर बसलो. आत भाषण पुन्हा सुरू झालं. तवा उमजलं. यांना आमची वस्तू लागती, आमी लागत न्हाई. आमी मेलेले बरे, म्हंजी यांना नीट बोलता येतं. अन् मी जल्मभर यांच्यापुढं हात जोडत आलो.

घरी पोचलो तवा सोनाई जित्ती होती. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं. भिंतीकडं तोंड केलं. पुन्हा बोललीच न्हाई. दुसऱ्या दिवशी गेली. शेजारणीनं फाटलेल्या लुगड्याचं एक जुनेर दिलं, त्यात गुंडाळली. जुनेर आखूड पडलं. पाय उघडे ऱ्हायले. भावकीतल्या बाया दुसरीकडं बघत होत्या.

यंदा पाटलाचा माणूस पुन्हा आला. "साहेबानं याद केलंय. तू माग घेऊन यायचं, लोकांपुढं विणायचं. पंडित तुझ्यावर बोलणार. जेवण बी हाय. मान हाय बे तुझा!"

मी इचारलं, "मला बोलू देतील का?"

"तू काय बोलणार? तू विणायचं."

म्हणलं, "माग मोडलाय."

मोडला नव्हता. तो गेल्यावर मोडला. कुऱ्हाडीनं.

आता भाषण हाय असं कानावर आलं की मी बीडला जातो. बोलावण्याबिगर. मधोमध उभा ऱ्हातो अन् म्हणतो, "ही घोंगडी सोनाईची. तिला उघड्या पायांनी मातीत घातली." हाकलतात. एकदा मारलं बी. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं. म्हणू द्या. घोंगडी मिळायची न्हाई, हे मला ठाऊक हाय. मिळाली तरी आता कुणाला गुंडाळू? बोलून जीव काय थंड होत न्हाई, झोप बी लागत न्हाई. पण त्या भिंतीखाली जो कुणी बोलायला उभा ऱ्हाईल, त्याला आधी माझं ऐकावं लागंल. मी मरंपातूर.