पहिल्या खेळाडूचा बॉल

पिनबॉल म्हटलं की लोक हसतात. ते पोरांचं टुणटुण वाजणारं यंत्र ना, म्हणतात. हसोत बापडे. काचेखालच्या उतारावरून गडगडत येणारा पोलादी बॉल खालच्या दोन फ्लिपरच्या, म्हणजे बटणाने उडणाऱ्या पट्ट्यांच्या, टोल्यांनी पाच मिनिटं वर ठेवून दाखवा म्हणावं, मग पोटभर हसा. अर्थात असं कोणाला सुनवायचं हा काटेवाल्यांचा स्वभाव नव्हता. कोणी हसलं तर तेही थोडे हसायचे आणि पिशवीतली सपाटी बघायची पाणसळ नीट आहे ना ते चाचपायचे.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. वय एकसष्ट, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे त्यांनी चाळीस वर्षं उघडले, पुसले आणि जुळवले. पितळी वजनं फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळून न्यायची, बोटांचा घाम वजनाला लागू द्यायचा नाही, काम झालं की शिशाचं सील ठोकायचं. एखाद्या दुकानदाराने डोळा मारून "जरा इकडे झुकतं राहू द्या की" म्हटलं, तर ते हत्यारं आवरायला लागायचे. काटा खोटं बोलत नाही, माणसं त्याला बोलायला लावतात, एवढं एकच वाक्य ते कधीमधी बोलत.

त्यांच्या घरात दोन खोल्या होत्या आणि दुसऱ्या खोलीत एक पिनबॉल यंत्र होतं. एक जुनं थिएटर बंद पडलं, तेव्हा तिथला वजनाचा काटा काढायला ते गेले होते. कोपऱ्यात हे यंत्र मरून पडलेलं. घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल, असं तिथला माणूस म्हणाला आणि यांनी चार हमालांकडून ते धूड दुसऱ्या मजल्यावर चढवलं. बायकोने कपाळाला हात लावला. "घरात कपाट उघडायला जागा नाही, आणि हे काय आणलंत? आता मी झोपू कुठे, याच्या काचेवर?"

हे ते दुरुस्त करत बसले आणि महिनाभर ती त्या यंत्राशी बोलली नाही. नवऱ्याशीही जेवढ्यास तेवढंच. मग एके दिवशी हे कामावरून आले तर बाई यंत्रासमोर उभी, पदर खोचलेला, आणि फलकावर यांच्यापेक्षा दुप्पट आकडा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघांचा एक डाव. सुरू करायचं बटण दोनदा दाबलं की यंत्र दोन खेळाडू धरतं. प्रत्येकाला तीन बॉल, पाळीपाळीने. पहिला खेळाडू नेहमी ती. "मी आधी," ती म्हणायची. "तुम्ही हरायला नंतर या."

आणि हे हरायचे. बाई डावखुरी होती, यंत्रासमोर अर्धं पाऊल डावीकडे सरकून उभी राहायची आणि बॉलशी भांडत खेळायची. वीस वर्षं हे चाललं. पोरंबाळं झाली नाहीत, त्याचं दुःख होतंच, पण संध्याकाळ मात्र कधी अंगावर आली नाही.

चार वर्षांपूर्वी ती गेली. तीन आठवड्यांचा आजार, बस्स. पहिले काही महिने यंत्रावर चादर होती. मग एका संध्याकाळी काटेवाल्यांनी चादर काढली, बटण दाबलं. एकट्याचा डाव सुरू झाला. त्यांचा बॉल पडला आणि लगेच दुसरा त्यांचाच आला. मध्ये थांबणं नाही, कोणाचं चिडवणं नाही. त्यांना ते सहन होईना. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि बटण दोनदा दाबलं.

तेव्हापासून दोघांचे बॉल तेच खेळत. पहिला तिचा, मग स्वतःचा. तिच्या पाळीला अर्धं पाऊल डावीकडे सरकायचं. लबाडी अजिबात नाही. तिचा बॉल ते जीव तोडून खेळत. गंमत अशी की तिचा बॉल त्यांना स्वतःच्या बॉलपेक्षा चांगला खेळता यायचा. हरण्याची धास्ती नसायची ना. बहुतेक दिवस तीच जिंकायची. "जिंकलीस बाई," असं म्हणून ते गॅस पेटवायला जायचे. हे कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितलं नाही. सांगायला तरी होतं कोण, हाही प्रश्नच होता.

स्पर्धेचा कागद त्यांना एका दुकानाच्या दारावर दिसला. कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर एक हॉल होता, त्यात अकरा यंत्रं आणि दर रविवारी सकाळी सामने. पहिल्या रविवारी ते नुसते बघायला गेले. हॉलचा मालकच पंच होता. उठसूट नियमाचं कलम सांगायचा म्हणून सगळे त्याला कलमसाहेब म्हणत. त्याने मोठ्याने विचारलं, "काका, नाव लिहू का?" आणि काटेवाले हो म्हणून बसले.

घरी कितीही खेळा, बॉल पडला तर फक्त काचेला कळतं. स्पर्धेत मागे माणूस उभा असतो. तो आपली पाळी संपायची वाट बघतो, चांगला फटका बसला तर "वा" म्हणतो, डाव संपल्यावर हात मिळवतो. चिठ्ठी निघते, कोणीतरी आपल्याला हाक मारतं, अमक्याने तमक्याशी खेळायचं असतं. आठवडाभरात काटेवाल्यांशी काट्याखेरीज दुसऱ्या विषयावर बोलणारी माणसं फक्त तिथे होती. बोलणं तरी काय, तर डावा फ्लिपर आज सुस्त आहे आणि मधली खाच बॉल गिळते आहे. पण तेवढ्यावर त्यांचा सोमवार आणि मंगळवार निघायचा. चषकाचं म्हणाल तर तो ठेवायला घरात जागाही नव्हती.

तिथे त्यांचं एक कामही ठरून गेलं. खालची कपडे पिळणारी यंत्रं फिरली की वरची जमीन थरथरायची आणि पिनबॉलचे पाय आठवड्यात केसभर सरकायचे. काटेवाले दर रविवारी तासभर आधी जाऊन अकराही यंत्रांवर पाणसळ ठेवत, पायाचे स्क्रू फिरवून बुडबुडा मधोमध आणत. मग कोणी हरला आणि यंत्र कलतं आहे म्हणाला, तर कलमसाहेब एवढंच म्हणायचा, "काटेवाल्यांनी लावलंय." वाद तिथेच मिटायचा.

हंगाम दहा रविवारांचा. दहाव्या रविवारी गुणतक्त्यात जे पहिले आठ, त्यांचे सामने पुढे तीन महिने दर रविवारी चालत. बाकीच्यांनी नवा हंगाम सुरू होईपर्यंत घरी बसायचं. हॉल तेवढा छोटा होता आणि कलमसाहेबाचं कलम तेवढं पक्कं होतं. मागची दोन्ही वर्षं काटेवाले सहावे-सातवे येऊन आत राहिले होते. यंदा दहाव्या रविवारी एकच डाव उरला तेव्हा आठव्या जागेला दोघांचे गुण सारखे होते. एक काटेवाले आणि दुसरी शहरातली बस चालवणारी एक पस्तिशीची बाई. तिला सगळे बसवाली म्हणत. जो जिंकेल तो आत. हरला तर तेरा रविवार रिकामे, हे काटेवाल्यांनी आदल्या दिवशीच कॅलेंडरवर मोजलं होतं.

चिठ्ठीत पहिला खेळाडू बसवाली आली. दोन बॉल झाल्यावर तिचे सव्वीस लाख आणि यांचा दुसरा बॉल अजून चालू, तीस लाखांच्या पुढे. बॉल बराच वेळ वर राहिला. बसवाली बाटलीत पाणी भरायला कोपऱ्यात गेली. कलमसाहेब पलीकडच्या यंत्रावर कोणाची तरी तक्रार ऐकत होता. तेवढ्यात काटेवाल्यांचा बॉल पडला.

एरवी काय व्हायचं, की आपला बॉल पडला की ते दोन पावलं मागे जात आणि हात खिशात घालत. तीन वर्षांपूर्वीच त्यांनी स्वतःला ही शिस्त लावली होती, कारण आपली घरची सवय त्यांना ठाऊक होती. शिवाय समोरचा माणूस लगेच पुढे यायचा. आज पुढे कोणी आलं नाही. यंत्राने नवा बॉल पुढे ढकलला, समोरची जागा रिकामी होती, आणि रिकाम्या जागेची तर त्यांना चार वर्षांची सवय. ते अर्धं पाऊल डावीकडे सरकले. बॉल उडवायचा दट्ट्या ओढला आणि सोडला.

तो बॉल काय खेळले म्हणून सांगावं. डावा उतार, उजवा उतार, वरची घंटा, पुन्हा डावा उतार. बॉल जणू विचारून विचारून येत होता. बसवाली परत आली, तिला वाटलं अजून तोच दुसरा बॉल चालू आहे. खेळणाऱ्याशी बोलायचं नसतं, म्हणून ती गप्प उभी राहिली. आणखी दोघंतिघं मागे येऊन थांबले. काटेवाले मनात हसत होते. आज जिंकतेस बाई, त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आलं तेव्हाच त्यांची बोटं बटणांवर थांबली. बॉल मधोमध पडला.

त्यांनी वर बघितलं. पहिल्या खेळाडूच्या नावावर एक कोटी चौदा लाख. दुसऱ्याचा तिसरा बॉल बाकी, असं यंत्र सांगत होतं.

बसवालीलाही कळलं. तिने एकदा फलकाकडे आणि एकदा यांच्याकडे बघितलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, पंचांनी बघितलं नाहीये. यंत्राने आकडे चुकीच्या नावावर टाकले असं सांगू. डाव पुन्हा खेळू. मला असं जिंकून काय मिळणार आहे?"

मन मोठं होतं बाईचं, खोटं कशाला बोला. काटेवाल्यांना तेरा रविवार दिसले. दुसऱ्या खोलीतली चादरही दिसली. एक हो म्हणायचं होतं, तेही मान हलवून चाललं असतं. पण सकाळी हेच यंत्र त्यांनी स्वतः लावलं होतं, बुडबुडा रेघेच्या बरोबर मध्ये. चांगल्या यंत्राला खोटं पाडायचं त्यांच्याने झालं नाही. त्यांनी हात वर केला.

कलमसाहेब आला. ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघायचं तेच निघालं. "कलम चौदा. दुसऱ्याचा बॉल खेळणाऱ्याचा डाव शून्य."

"मला माहीत आहे," काटेवाले म्हणाले.

"काका, तीन वर्षांत तुमची एक चूक नाही. हे झालं कसं?"

"घरी सवय आहे. घरी दोन्ही बॉल मीच खेळतो. माझा आणि तिचा."

"तिचा म्हणजे?"

"बायकोचा. पहिला खेळाडू ती असते. चार वर्षं झाली तिला जाऊन."

खाली कपडे पिळणारं यंत्र फिरू लागलं आणि जमीन थरथरली. तीन वर्षं दर रविवारी भेटणाऱ्या त्या माणसांना यांना बायको होती हेही माहीत नव्हतं, ती गेल्याचं तर सोडाच. कोणी विचारलं नव्हतं आणि यांनी सांगितलं नव्हतं. डाव्या फ्लिपरबद्दल मात्र सगळ्यांना सगळं माहीत होतं. कलमसाहेबाने कागदावर काटेवाल्यांच्या नावापुढे शून्य काढलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिला.

निघताना बसवाली जिन्यापर्यंत आली. "काका, माझ्या नावावर इतकं चांगलं कोणी खेळलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमचं यंत्र बघायला येईन मी एकदा."

"या की," काटेवाले म्हणाले.

"नक्की येते." तिने पत्ता विचारला नाही. यांनीही सांगितला नाही.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी पाणसळ फडताळात ठेवली, हात धुतले आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बटण दोनदा दाबलं. दिवे लागले. पहिल्या खेळाडूची पाळी आहे असं सांगणारी अक्षरं उघडझाप करू लागली आणि बॉल दट्ट्यापुढे येऊन थांबला. काटेवाल्यांचा हात पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला, दोन पावलं मागे सरकले आणि हात खिशात घातले.

"तुझी पाळी," ते म्हणाले.

पिनबॉलच्या यंत्राला घाई नसते. पहिला खेळाडू खेळेपर्यंत ते दुसऱ्याला बॉल देत नाही, मग कितीही वेळ जावो. तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी ती रोज खेळत होती आणि बहुतेक दिवस जिंकत होती. आज पहिल्यांदाच ती आली नाही. काटेवाले तासभर तसेच उभे राहिले, मग पाय दुखायला लागले म्हणून कॉटच्या कडेवर बसले. बॉल होता तिथेच होता.