प्रसादाचं खोबरं

परळला बाबांच्या गिरणीच्या जागी आता टॉवर आहेत. काल सकाळी तिथल्या हिरवळीवर गवत कापायचं मशीन फिरत होतं. कापलेलं गवत आणि पेट्रोल यांचा वास एकदम आला आणि माझ्या तोंडात खोबऱ्याची चव उतरली.

लहानपणी पाहिलेल्या विमानांच्या त्या मैदानावर हाच वास होता. माझा थोरला भाऊ, दादा, शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकत होता. त्या दिवशी तो पहिल्यांदाच एकटा उडणार होता, म्हणून आम्ही सगळे लालबागहून घाटावर गेलो होतो. धावपट्टी म्हणजे नुसतं कापलेलं गवत. बाबांनी त्या छोट्या विमानापुढे गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक सांभाळ." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." काचेमागे दादा लाजून हसत होता.

नारळ फुटला. आईने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. विमान गवतावरून उसळत गेलं, माडाएवढं वर चढलं आणि इंजिन खोकून गप्प झालं. एक पंख कलला. पलीकडच्या बांधावर ते आपटलं, तेव्हा आवाज अगदीच लहान आला, पत्र्याचा डबा पडावा तसा. मग धूर.

खोबरं माझ्या दाताखाली होतं. मी थुंकायला वाकले, तर आईने माझा जबडा घट्ट धरला. तिची नजर धुरावर होती.

"थुकू नको. परसाद आसा तो."

मी गिळलं. पोरगा जळतोय आणि हिला प्रसादाचं पडलंय, म्हणून कितीतरी वर्षं मला तिचा राग येत राहिला. आता माझा मुलगा दादाच्या वयाचा झालाय. त्या घटकेला तिला देवाला दुखवायचं नव्हतं. दादा अजून विमानात होता.