मावसांचा अर्धा नंबर

आखाडा बाळापुरात स्वतःच्या डोक्यावर पूर्ण भरवसा ठेवणारा माणूस एकच, आणि त्याच्या डोक्यात कुठलीही गोष्ट अर्धीच राहते. ते माझे मावसा. तरुणपणी ते हैदराबादेत एका मोटार गॅरेजात कामाला होते. तिथला उस्ताद गाडीखाली आडवा होऊन एका दमात पाने, नट, वायसर मागायचा आणि मावसा एकही न विसरता सगळं त्याच्या हातात द्यायचे. तेव्हापासून कागदावर लिहून घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "लिहून ठिवलं की डोकं झोपतं," असं ते समोरच्याला बजावतात, आणि बजावून झालं की आपण कशाबद्दल बोलत होतो ते त्यालाच विचारतात.

वय वाढत गेलं तसं घरातून निघून बाजारात पोचेपर्यंत डोक्यात टिकणारं सामान कमी कमी होत गेलं. मावसांनी हे कधी कबूल केलं नाही. मावशीनं त्यावर न बोलता इलाज काढला. निघताना ती दारात सगळं सामान म्हणून दाखवायची आणि मध्येच हात आडवा करायची. "हितवर तुमचं, हितून पुढं माझं." दुकानात मावसा आपला वाटा घडाघडा म्हणत आणि बाजूला सरकून सांगत, "पुढचं बाईला इचारा." एकदा मावशीला ताप होता म्हणून ते एकटेच गेले. परत आले तेव्हा घरात चहापत्ती आली, साखर आली नाही. "साखर तुझ्याकडं होती," असं त्यांनी अंथरुणावरच्या मावशीला सुनावलं आणि शेजारी जाऊन चहा पिऊन आले. दुसऱ्या एका वेळी लग्नाचं तोंडी आवतण द्यायला ते औंढ्याला गेले. लग्न कुणाचं, मुलगी कुठली, जेवणात काय, सगळं सांगितलं. तारीख बाळापुरात मावशीकडं राहिली होती.

मोबाइल आल्यावर या वाटणीला शिस्त आली. फोनमध्ये नंबर साठवून ठेवता येतो हे त्यांना माहीत होतं, पटत नव्हतं. मुलगी, माझी ताई, पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिच्या नंबरचे पहिले पाच आकडे मावसांनी घेतले, शेवटचे पाच मावशीनं. मावसा आपले आकडे हैदराबादी सवयीनं एकेक म्हणत: नौ, आठ, दो. मावशी पाठीमागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली असे आणि मान वर न करता जोडीजोडीनं मराठीत सांगे, "सात, बावीस, चौसष्ट. लागला का?" दाबून झाले की मराठी आकडे मावसांच्या कानातून थेट बाहेर जात, आणि मावशीला ते हैदराबादी दखनी आकडे म्हणजे भांडण वाटे. कुणी इंग्रजीत नंबर सांगितला तर दोघांचं मिळून दोन आकड्यांवर अडे. एकमेकांचा अर्धा शिकून घ्यायचा विचार दोघांच्याही मनात आला नाही.

मागच्या वर्षी मावशी गेली. मावसा दुकानातून आपल्या वाट्याचंच सामान आणत राहिले. उरलेलं दुकानदार अंदाजानं पिशवीत टाकायचा. फोन आता पुण्याहून ताईच करायची. एका सकाळी तिनं विचारलं, "जेवलात का रात्री?" मावसा म्हणाले, "भाकरी केली." कालवण? ते आठवेना. ताईनं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. मावसा बाळापूर सोडायला तयार नव्हते. शेवटी तिनं अट घातली. तिचा नंबर नुकताच बदलला होता. "आबा, नवा नंबर न बघता, कुणाला न विचारता लावून दाखवा. लागला तर ऱ्हावा तिथंच. न्हाई लागला तर बॅग भरायची."

तयारी माझ्याकडं आली. नव्या नंबरचे पहिले पाच आकडे मी दखनीत सांगितले. ते एका संध्याकाळीत पक्के झाले. पुढचे पाच काही केल्या राहीनात. दखनीत सांगितले, मराठीत सांगितले, चाल लावून सांगितले. अंगण ओलांडेपर्यंत ते गेलेले असत.

"मावसा, एवढं काहून राहीना?"

"तिथं जागा मोकळी न्हाई, बापू," ते म्हणाले. मी ते हसण्यावारी नेलं.

रविवारी परीक्षा झाली. ताई तिच्या नवऱ्याच्या फोनवरून माझ्याशी बोलत होती; तिचा स्वतःचा फोन तिच्यापुढं ठेवलेला होता. मावसांनी पहिले पाच आकडे मोठ्यानं म्हणत दाबले. मग थांबले. मागे वळून उंबऱ्याकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. पुन्हा वळले आणि सावकाश, मराठीत म्हणत दाबले, "सात, बावीस, चौसष्ट." घंटी गेली. कुणीतरी पुरुषानं उचललं.

"पोरगी हाय का?" मावसांनी विचारलं.

"कोणाची पोरगी?"

"माझी."

पलीकडच्यानं फोन ठेवला. पुण्यातला फोन वाजलाच नव्हता. मी मावसांना सांगितलं, मागचे पाच आकडे जुन्या नंबरचे लागले.

"माझे बराबर होते का?"

"होते."

"मंग झालं. मागचे तिचे हायेत. ते मी कसे बदलू?"

माझा फोन स्पीकरवर होता, ताईनं हे ऐकलं होतं. तिचा आवाज आला, "बॅग भरू नका, आबा." जुनं सिमकार्ड तिच्या कपाटात पडून होतं. त्याच दिवशी तिनं ते पुन्हा फोनमध्ये घातलं.

आता मावसा रोज सकाळी तिला स्वतः फोन लावतात. मी काही वेळा तिथं होतो. जुन्या नंबरचे पहिले पाच आकडे ते कधी विसरलेच नव्हते; ते मोठ्यानं म्हणतात आणि थांबतात. पाठीमागे बसलेल्या माणसाला तांदळातला खडा बाजूला टाकून पाच आकडे सांगायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ. मग "हां" म्हणून मान हलवतात आणि उरलेले दाबतात. पलीकडून ताईनं उचललं की आधी वळून उंबऱ्याकडं सांगतात, "लागला."