दुसरी पट्टी

माझ्या हाताला काही झालं नाही, म्हणून मी प्रयोगशाळेतलं नारिंगी डायक्रोमेट हे रसायन पोरांसाठी निर्धोक ठरवलं.

वाशीमच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि प्रयोगशाळेचा शिपाई मला अडवायचा. नवी बाटली आली की तो त्यातल्या पातळ केलेल्या रसायनात फडकं भिजवून स्वतःच्या कोपराच्या आत बांधायचा. दोन दिवस आंघोळीतही ते सोडायचा नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बोलणं मात्र नेहमी "थांबा ना मास्तर"ने सुरू.

"एकदा पाहिलं ना? पुन्हा कायले?" मी विचारलं.

"थांबा ना मास्तर. पहिल्या खेपेले कातडं गप राह्यते."

हे मला मुळीच पटेना. मी स्वतः पट्टी बांधली, हात स्वच्छ निघाला आणि मी कपाटाची किल्ली मागितली. त्यानं ती बंडीच्या खिशात टाकली.

"हेडमास्तरांना सांगेन. नोकरी जाईल."

"जाऊ द्या. चाळीस पोरं आहेत. दुसरी पट्टी झाल्याबिगर किल्ली भेटत नाही."

त्याचं तोंड बंद करायला मी पंधरा दिवसांनी दुसरी पट्टी बांधली. दोन दिवसांत हात सुजला, फोड आले. बाटली तीच, हात तोच, मीही तोच. मग बिघडलं काय? मी त्यालाच विचारलं.

त्यानं हळूच माझ्या हातावरचं फडकं सोडलं.

"तुमच्या कातड्याले एकदा शिकवलेलं ध्यानात राह्यते मास्तर. उद्यापासून वर्गावर त्यालेच धाडा."