भाच्याचा गेम

जळगावच्या बसस्टँडजवळ मोबाइलच्या स्क्रीनवर ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक फिल्म लावणारा एक माणूस बसतो. मी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन त्याच्याकडे गेलो. पन्नाशीतल्या माणसाने असलं खेळणं आपलं आहे म्हणून कसं सांगावं? "भाच्याचा आहे," मी ठोकून दिलं.

त्याने ऐन मे महिन्यात पंखा बंद केला, भोवती पाणी शिंपडलं, जुनी फिल्म सोलून काढली आणि चिकटपट्टीने काचेवरचा धुळीचा कण न् कण टिपला. मी मदत म्हणून फुंकर मारली.

"फुंकरमा थुंकी शे, भाऊ," म्हणत त्याने काच पुन्हा पुसली. मग फिल्म अशी बसवली, की एकही बुडबुडा दिसेना.

गेम परत देताना त्याने जुन्या फिल्मवरचे ओरखडे मला दाखवले. "भाच्याला सांगा, आधी अंगठ्याचं नख कापा, मग खेळा."

भाच्याला 'कापा, खेळा' असं कोण म्हणतं? मी अंगठा मुठीत लपवला.