बाईंची काचेची टाकी

टाकीवाल्या बाई भर सभेत ‘मला माहीत नाही’ म्हणायच्या आणि लोक टाळ्या वाजवायचे. ज्या वस्तीत मी घसा फोडला, जिथल्या दारादारात माझी पत्रकं गेली, त्याच वस्तीत हे व्हायचं. माझ्या पत्रकात ‘माहीत नाही’ हे शब्द कधी आले नाहीत. आले असते तर पोरांनी त्या कागदाच्या होड्या केल्या असत्या. तशाही करायचेच म्हणा.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. भंडाऱ्याच्या कडेला जमीन वैनगंगेकडे उतरत जाते, तिथं नगरपालिका गावाचा कचरा टाकायची. त्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आणि वस्तीला एकच विहीर. पाण्याला घाण वास यायचा, लहान पोरं जुलाबानं सुकून जायची. विहीर बिघडली की उपसायची, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. ‘विहीर उपसून द्या’ हा माझ्या पत्रकाचा मथळाच होता. दोन-चार मोर्चे निघाले की नगरपालिका इंजिन पाठवायची, विहीर तळापर्यंत रिकामी व्हायची, तिच्यात जांभळं औषध पडायचं आणि आम्ही गुलाल उधळायचो. थोड्या दिवसांत वास परत यायचा. मग नवं पत्रक.

अशात या बाई उगवल्या. पुण्याकडच्या, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या. एका हातात छत्री, दुसऱ्यात लोखंडी फीत. फितीला खडू फासायच्या, विहिरीत सोडायच्या आणि कुठपर्यंत ओली झाली ते वाचायच्या. आमची विहीर, देवळाची विहीर, धानाच्या गिरणीची विहीर, सगळीकडे हाच उद्योग. मी एकदा तडकून म्हणालो, “बाई, मोजत काय बसलात? वास तर आंधळ्यालाही येतो.”

“वास मलाही येतो,” त्या म्हणाल्या. “घाणीची वाट दिसत नाही अजून. कुठल्या विहिरीत पाणी किती खोल, त्यावरून ती कळेल.”

यावर रखमाआजीनं, आमच्या वस्तीतल्या सगळ्यात फटकळ म्हातारीनं, त्यांना पाट दिला, चहा दिला. मी तिच्याच ओट्यासमोर किती भाषणं केली असतील. मला कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

एका रविवारी बाई काचेची टाकी घेऊन आल्या. मासे ठेवतात तसली, पण आत वैनगंगेची वाळू, मधे चिकणमातीचा पातळ थर, आणि विहिरी म्हणून उभ्या रोवलेल्या नळ्या. एका बाजूनं पाणी सोडलं, दुसऱ्या बाजूनं ते नदीकडे निघाल्यासारखं झिरपू लागलं. कचऱ्याच्या जागी त्यांनी जांभळं औषध टाकलं, नगरपालिका आमच्या विहिरीत टाकते तेच. देवळाच्या ओट्यावर सगळी वस्ती लोटली होती. माझ्या सभेला त्यातले निम्मेही येत नसत.

जांभळी रेघ सावकाश उतरत आमच्या नळीला बगल देऊन पुढे निघाली. लोकांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात बाईंनी रबरी पिचकारी घेतली. “आता हे तुमचं इंजिन,” म्हणाल्या, आणि आमच्या विहिरीच्या नळीतलं पाणी ओढू लागल्या. रेघ थबकली. मग वासरू गायीकडे वळावं तशी वळली आणि थेट आमच्या नळीत शिरली.

रखमाआजी पुढे वाकून म्हणाली, “म्हंजे आपुनच वढून आणून राहिलो काय ते घाण?”

“असं दिसतं,” बाई म्हणाल्या. “पण ती घाण तिथं टाकली कोणी, ते आधी विचारा.”

सगळ्या माना डोलल्या. आता हे वाक्य माझं होतं. माझ्या पहिल्या पत्रकात ठळक अक्षरांत होतं. तेव्हा एकही मान हलली नव्हती.

मागून एकानं विचारलं, “नदीत कवा पोचन जी हे?” बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही. टाकीतली वाळू आणि जमिनीतली वाळू सारखी नसते.” आणि टाळ्या पडल्या.

ज्या नगराध्यक्षांनी मला दारात ताटकळत ठेवलं, ते स्वतः टाकी बघायला आले. उपसा बंद झाला, वस्तीत नळ आला. कचरा मात्र तिथंच राहिला. मी पेटून नवं पत्रक लिहिलं आणि, का कोण जाणे, बाईंना दाखवलं. त्यांनी ‘शंभर टक्के’वर पेन्सिलीनं रेघ मारली. “फार मोठ्यानं लिहिलंय,” म्हणाल्या, “त्यामुळे ऐकू येत नाही.” आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

पुढे त्यांच्या यजमानांची बदली झाली. वरठीच्या स्टेशनवर वस्तीतल्या बाया डोळे पुसत उभ्या होत्या. मी मोर्च्यापायी तुरुंगात जाऊन आलो तेव्हा एकही जण फिरकला नव्हता. गाडी हलायच्या आधी बाई मला म्हणाल्या, “टाकी आणि फीत तुम्ही ठेवा. तुम्ही चिकट आहात.” हे कौतुक होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन-तीन वर्षांत कचऱ्याचा ढीग आणखी खाली सरकला, खालच्या टोलीच्या, म्हणजे नदीकडच्या वस्तीच्या, विहिरीजवळ. एके दिवशी मी टाकी घेऊन तिथं गेलो. रखमाआजी बरोबर होती. मी घसा साफ केला तसं तिनं दटावलं, “बोलू नोको बाबू. दाखव.”

मी मुकाट्यानं रंग सोडला. कडेवर पोर घेतलेली एक सून पुढे आली. “आमच्या हिरीत आलं काय जी हे? पोराले पाजू का नोको?”

सगळी पत्रकं एकदम ओठांवर आली. मी ती गिळली आणि म्हणालो, “मला माहीत नाही.”

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. रखमाआजी तेवढी म्हणाली, “मंग उभा काहून? मोजून सांग ना तिले.”

मी पिशवीतून फीत काढली, खडू काढला आणि विहिरीकडे निघालो.