फौजदाराचा काटा

गॅरेजवाल्या मिस्त्रीला सगळी गल्ली फौजदार म्हणायची, आणि त्यात गल्लीचं काही चुकत नव्हतं. दूधवाल्यानं माप ओतलं की हा पातेल्यात डोकावणार, शेजारी हसला तर का हसला म्हणून दिवसभर डोकं खाजवणार. विकतच्या मीटरवरही त्याचा भरवसा नव्हता. भंगारातल्या हवेच्या कॉम्प्रेसरचं मीटर काढून, त्याला लांब रबरी नळी जोडून त्यानं डिझेलचा दाब मोजायचं स्वतःचं यंत्र बनवलं होतं. काचेला तडा होता, पण माणूस खोटं बोलेल, काटा नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

हल्ली त्याच्या संशयानं घरातच मुक्काम ठोकला होता. त्याचा एकुलता एक ट्रक चालवायचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. अबोल माणूस, आणि अबोल माणसाचा फौजदाराला भारी राग. डिझेल जरा जास्त जातंय असं वाटलं मात्र, त्यानं टाकीसाठी जाड पत्र्याचं झाकण स्वतः घडवलं, थेंब सांडू नये म्हणून आतून घट्ट रबर बसवलं, वर कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. भाऊजी बघत राहिले, बोलले काही नाहीत.

तेव्हापासून गाडी चढावर दम सोडू लागली. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालते, असं भाऊजी सांगायचे. फौजदारानं फिल्टर बदलला, पंप उघडून पाहिला, कुठं काही सापडेना. म्हणजे यात नक्की पाणी मुरतंय! डिझेल काढता येईना, म्हणून गाडी बंद पडल्याची सोंगं चाललीत.

"ताई, मी स्वतः मीटर घेऊन शेजारी बसणार," तो बहिणीला म्हणाला. "काट्यानं गाडी ठीक दाखवली, तर भाऊजींकडून गाडी काढून घेणार."

"आणि नाही दाखवली तर?" ताईनं विचारलं.

त्यानं मीटर उचललं आणि नळी गुंडाळायला घेतली.

फिल्टरपासून खिडकीतून आत घेतलेली नळी आणि मांडीवर मीटर घेऊन तो बसला. सपाट रस्त्यावर काटा जागचा हलला नाही. फौजदारानं तिरक्या नजरेनं भाऊजींकडे पाहिलं. मनातून तो खूश होता, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती. मग घाट लागला. काटा थरथरला आणि खाली सरकू लागला. त्यानं काचेवर टिचकी मारली, भाऊजींचा पाय पाहिला. पाय तर पूर्ण दाबलेला होता. गाडी धापा टाकू लागली तशी भाऊजींनी ती कडेला घेतली.

"आता अर्धा तास," ते म्हणाले.

"कशाला अर्धा तास? इंजिन चालू ठेवा!" मीटर सीटवर ठेवून फौजदार खाली उतरला. नळ्या कुठं दबल्या नव्हत्या. टाकीत डिझेल आहे तरी का बघावं, म्हणून त्यानं कुलूप काढलं, तर झाकण उचलेना. आतून कुणी धरून ठेवल्यागत. त्यानं सारा जोर लावून हिसका दिला. मोठा सुस्कारा झाला आणि टाकीनं हवा आत ओढली.

"काटा वर आला," केबिनमधून भाऊजींचा आवाज आला.

फौजदाराच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक होतं. त्यानं घडवलेल्या झाकणाला नव्हतं. डिझेल बाहेर जात होतं, त्याच्या जागी हवा आत येत नव्हती. अर्ध्या तासात कुठूनतरी थोडी झिरपायची, तेवढ्यावर गाडी पुढं जायची.

"भोक पाडायचं राहिलं," तो कसाबसा म्हणाला.

"मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीत, भाऊजी?"

"टाकीचं झाकण उघड म्हणालो असतो, तर तू काय समजला असतास?"

फौजदारानं गळ्यातली किल्ली काढून पुढं केली. भाऊजींनी ती घेतली नाही.

"झाकण सैल बसव आणि चल, माल पोचवायचाय," ते म्हणाले. "उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघ."

घाटमाथ्यापर्यंत काटा जराही हलला नाही. किल्ली मुठीत धरून फौजदार काट्याकडे बघत होता. संध्याकाळी ताई दारातच उभी असणार होती, आणि 'नाही दाखवली तर?' या तिच्या प्रश्नाचं उत्तर आता त्याला द्यावं लागणार होतं.